व्याह्याच्या मापाचा आहेर

हिम्मतराव देगलूरकरांना देवाने एकच कला दिली होती, आणि ती दिली नसती तर घरच्यांचं आयुष्य बरंच सोपं गेलं असतं. ते नकला करत. जामबागच्या कॉलेजात त्यांनी प्राचार्यांच्या खोकल्याची नक्कल प्राचार्यांच्याच दाराबाहेर केली आणि वर्षभर घरी बसले. थोरल्या बहिणीला बघायला आलेल्या मुलाचे मामा बशीत ओतलेल्या चहावर भक्तिभावाने फुंकर घालत आणि मग कपातलाच गरम चहा पीत. पाहुणे जिना उतरतात न उतरतात तोच हिम्मतरावांनी ते करून दाखवलं, आणि मामा विसरलेली छत्री घ्यायला परत आले. स्थळ मोडलं. बहीण अजून राखी बांधते, पण चहा विचारत नाही. पुढे राणीगंजात मोटारपंपांचं दुकान निघालं, बरकतपुऱ्यात घर झालं, केस पिकले, तरी जित्याची खोड काही गेली नाही.

म्हणूनच श्रुतीचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, लग्न ठरलं तेव्हा तिने पहिलं काम कुठलं केलं असेल, तर वडिलांना देवघरासमोर उभं केलं. मुलगा हर्षद तिने स्वतः निवडला होता. प्रश्न त्याच्या वडिलांचा होता. मिलिंद सबनीस मूळ पुण्याचे, इथे एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि नकलेसाठी असा ऐवज हिम्मतरावांना जन्मात मिळाला नव्हता.

"बाबा, अक्षता पडेपर्यंत कुणाचीही नक्कल नाही," श्रुती म्हणाली. "सासऱ्यांची तर नाहीच नाही. माझी शपथ आहे तुम्हाला."

हिम्मतरावांनी शपथ घेतली आणि मनापासून पाळायची ठरवली. त्यांचा पोरीवर फार जीव होता.

पण सबनीसांना गोल्फचं वेड होतं, आणि दर रविवारी सकाळी ते होणाऱ्या व्याह्यांना तळ्याकाठच्या मैदानावर आपला खेळ बघायला नेत. हिम्मतरावांना त्या खेळाचं एवढंच कळलं की चेंडू होता होईल तेवढा लांब घालवायचा आणि मग सगळ्यांनी मिळून तो शोधायला जायचं. सबनीसांचा चेंडू नेहमी उजवीकडच्या झुडपात सापडे. दर वेळी ते तळ्याकडे बोट करून सांगत की वारा फार आहे. झाडाचं पान हलत नसे. हिम्मतराव मान डोलावत आणि ओठ घट्ट मिटून घेत.

डोळे मात्र मिटता येत नव्हते. टोला मारायच्या आधी सबनीस पोट आत ओढत. मग क्लब, म्हणजे ती टोल्याची काठी, मागे नेताना मधेच कंबर दगा देई, की ती झाकायला डावी टाच उचलून, 'हं' करून ते क्लब घाईने खाली आणत. टोला बसल्यावर हात उंच ठेवून ते समोर सरळ बघत राहत, जिथे चेंडू गेलेलाच नसे. हे सगळं हिम्मतरावांच्या अंगात आपोआप उतरत गेलं. बिचाऱ्याने ते महिनाभर अंगातच दाबून ठेवलं.

इतक्यात व्याहीभेटीच्या आहेराचा विषय निघाला. देगलूरकरांच्या घराण्याची एक रीत होती: व्याह्याला द्यायचा तो आहेर मापाचा द्यायचा, तयार घेतलेला नाही. आणि माप विचारायचं नाही. विचारून घेतलं तर तो आहेर नव्हे, नुसती शिलाई. हिम्मतरावांच्या वडिलांनी, नामदेवरावांनी, आपल्या व्याह्याला शेरवानी दिली होती. त्यासाठी त्यांनी शिंप्याला चुलतभाऊ म्हणून चहाला नेलं, आणि त्या चुलतभावाने नुसत्या नजरेने माप घेतलं. शेरवानी अशी बसली की व्याह्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सबनीसांना शेरवानी देऊन काय करणार? पण ते स्वतःच येता-जाता म्हणत की बाजारातले तयार क्लब म्हणजे दुसऱ्याची चप्पल, खरा खेळाडू आपल्या मापाचा सेट करून घेतो, आणि पुढच्या वर्षी आपणही घेणार. हे ते गेली दहा वर्षं म्हणत होते. ते माप द्यायला का जात नाहीत, हे ज्याला कळायला हवं होतं त्याला आहेराच्या आनंदात कळलं नाही.

हिम्मतरावांनी पत्नीला, त्रिवेणीबाईंना, सोबत घेतलं आणि माधापूरच्या बाजूला क्लब मापून बनवणारं दुकान गाठलं. तिथे एक जाळी, एक पडदा आणि टोला मोजणारं यंत्र होतं. गौतम नावाच्या तरुणाने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"काका, नाप तो उनकाच होना."

हिम्मतरावांनी सबनीसांना मनात आपल्या शेजारी उभं केलं. उंची सारखी होती, पोटही जुळत होतं. शपथ नकलेची होती, मापाची नव्हती, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि ते स्वतःला लगेच पटलं. त्यांनी क्लब उचलला, पोट आत ओढलं, टाच उचलली, 'हं' केलं. त्रिवेणीबाईंनी नकळत डोक्यावर पदर घेतला, व्याही आल्यासारखा. दहा-बारा टोले झाल्यावर गौतम पडद्याकडे बघत म्हणाला, "ये साब मारते नै काका, कमर बचाते." मग त्याने प्रामाणिकपणे माप काढलं. क्लब लांबीला जरा कमी, चेंडू उजवीकडे पळू नये म्हणून तोंड जरा वळवलेलं, आणि दांडा मऊ, उतारवयातल्या खेळाडूंसाठी असतो तो. हिम्मतरावांनी सगळ्याला हौ म्हटलं. महिनाभराचं दाबलेलं बाहेर पडल्याने त्यांना फार हलकं वाटत होतं.

तारनाक्याच्या हॉलमध्ये अक्षतांच्या आधी व्याहीभेट झाली. फेटे बांधले गेले, व्याही एकमेकांना कडकडून भेटले, आणि पिशवी उघडली तेव्हा सबनीसांचा चेहरा लहान पोरासारखा खुलला. त्यांच्याबरोबर खेळणारे एक निवृत्त कर्नल पुढे झाले, त्यांनी एक क्लब काढला, हातात झुलवला आणि दांड्यावरची अक्षरं परेडच्या आवाजात वाचली.

"मिलिंद, ये तो सीनियर शाफ्ट है. और ये देखो, राइट जानेवालों के लिए बनाया है."

सबनीस सगळ्यांना सांगत आले होते की आपण तरुणांचा कडक दांडा वापरतो. हॉलमध्ये दबकं हसू फिरलं. त्यांनी क्लब पिशवीत ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "माप कुणी दिलं?"

"तुमचंच आहे, साहेब," हिम्मतराव म्हणाले. त्यांना खोटं सुचलं नाही.

सबनीसांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. पलीकडे मुंडावळ्या बांधून उभ्या असलेल्या श्रुतीलाही कळलं. ती बापाला ओळखत होती. तोंड न उघडता, हात न हलवता त्यांनी भर मांडवात नक्कल केली होती, आणि तीही पोलादात.

लग्न लागलं. हल्ली दांड्यावरून लग्नं मोडत नाहीत. पण सबनीसांनी जेवताना व्याह्यांना घास भरवला नाही, आणि निघताना श्रुती आईच्या गळ्यात पडून रडली, बापाच्या नुसती पाया पडली. हिम्मतरावांच्या काळजाला घरं पडली. त्यानंतर फोन आला तर आईला येई. दुकानात गिऱ्हाईक तोतरं बोललं तरी हिम्मतराव मान खाली घालून पंप दाखवत. नकला सुटाव्यात म्हणून त्रिवेणीबाई वर्षानुवर्षं देवाला साकडं घालत होत्या. आता त्या सुटल्या, तर त्यांना घर खायला उठलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सबनीसांचा अचानक निरोप आला, मैदानावर या. हिम्मतराव चपापून गेले. श्रुतीही आली होती आणि लांब उभी होती. सबनीसांच्या पिशवीत तोच सेट होता. प्रत्येक दांड्यावर अक्षरांच्या जागी काळी चिकटपट्टी नीट गुंडाळलेली होती. त्यांनी टोला मारला. कंबर अडली नाही, 'हं' आलं नाही, आणि चेंडू सरळ, ते बघत होते तिथेच जाऊन पडला. त्यांनी आणखी एक मारला, तोही सरळ गेला. मग ते तळ्याकडे वळले. त्या सकाळी झाडं वाकतील असा वारा सुटला होता आणि हिम्मतरावांनी डोक्यावरची टोपी हाताने धरून ठेवली होती.

"अलीकडे वारा पडलाय, हिम्मतराव," सबनीस म्हणाले.

श्रुती दोन पावलं जवळ आली. हिम्मतरावांच्या ओठांचा कोपरा थरथरला. त्यांनी आयुष्यात शेकडो माणसं करून दाखवली होती, पण काहीच न कळलेला माणूस त्यांना कधी जमला नव्हता.

"हौ साहेब," ते म्हणाले, टोपी तशीच घट्ट धरून. "बिलकुल पडलाय."

सबनीसांनी समाधानाने त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि पुढचा क्लब काढला.

परत निघाले तेव्हा श्रुती गाडीपर्यंत सोडायला आली. तिने मागे वळून सासरे लांब असल्याची खात्री केली.

"बाबा," ती म्हणाली, "वारा पडलाय, हे कसं म्हणाले ते? एकदाच."

हिम्मतरावांनी टोपी काढून तिच्या हातात दिली आणि पोट आत ओढलं.