जिवलीचं रक्त जुळलं नाही

चिखल्याच्या सुरूच्या बनात वाळूखाली माणसाची हाडं सापडली, तेव्हा सायवनच्या जिवलीला पोलिसांचं बोलावणं आलं. तिचा मुकेश मासेमारीच्या बोटीवर खलाशी होता. मागच्या थंडीत तो समुद्रात पडला, तो पुन्हा सापडलाच नाही. बोटवाल्याने हात झटकले. जिवली मात्र पोलीस ठाण्याच्या पायरीवर येऊन बसायची, उठवलं तरी हलायची नाही, म्हणून हवालदाराला तिचं नाव पाठ झालं होतं.

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. कमरेच्या हाडावरून पुरुष दिसतो. अक्कलदाढा नुकत्या फुटलेल्या, म्हणजे वय विशीच्या आसपास. डावा हात कधीतरी मोडून सांधलेला. मुकेशचाही मोडला होता, ताडावरून पडून. पण मोडलेले हात काय थोडे असतात? खात्री करायची तर मांडीचं हाड आईच्या रक्ताशी ताडून बघावं लागेल, असं म्हणून बाईंनी विचारलं, "आई कोण?" जिवली उठली आणि तिने हात पुढे केला.

सरकारी काम ते. भाताची लावणी झाली, कापणीही झाली, तेव्हा कुठे उत्तर आलं: रक्त जुळत नाही. म्हणजे हाडं मुकेशची नाहीत! जिवलीचा जीव भांड्यात पडला. तिने नागलीच्या भाकऱ्या थापून पाड्याला जेवू घातलं. पोरगा कुठल्या बंदरात असेल, कधी येईल, याच्या गप्पा रंगल्या. आशा दाखवायला लोकांचं काय जातं?

चिमी सुईण तेवढी गप्प होती. सगळे पांगल्यावर ती म्हणाली, "जिवले, तुझं रगत जुळंल कसं? रूपीच्या पोराची नाळ मी कापली ना."

जिवलीला आठवलं. खरंच की. रूपी तिची जाऊ. ती बाळंतपणात गेली, दीर धाकल्याने तान्हा मुकेश जिवलीकडे दिला आणि तलासरीला दुसरा संसार मांडला. पण गोवर आला तेव्हा पोराच्या उशाशी कोण जागलं? हात मोडला तेव्हा पाठीवर घेऊन कोण धावलं? दवाखान्यात ती खोटं बोलली नव्हती हो. ती विसरूनच गेली होती.

आता तोंड मिटून बसली असती, तर मुकेश पाड्यापुरता तरी जिता राहिला असता. काही दिवस ती बसलीही तशी. पण ती हाडं बेवारस म्हणून पुरणार होते. आणि दिवस घातल्याशिवाय गेलेल्याला पूर्वजांत जागा मिळत नाही, तो तसाच भटकत राहतो. आपलं पोर उपाशी भटकतंय या विचाराने तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी तिने तलासरी गाठली. धाकल्या निमूट तिच्यामागून आला.

"याचं रगत घ्या, बाई," ती म्हणाली. "हा बाप हाय. मी त्याची आई नाय."

बाई चिडल्या. "मग तेव्हा हात कशाला पुढे केलास?"

"तुम्ही इचारलं, आई कोण," जिवली म्हणाली. "म्हणून मी उठले."

बाईंनी धाकल्याची बाही वर सारली.

धाकल्याचं रक्त जुळलं. हाडं ताब्यात घ्यायच्या दिवशी दोघं दवाखान्यात आली. शिपायाने दार अर्धवट उघडून सांगितलं, "रक्ताचं नातं असेल त्यानेच आत यायचं. बाकीच्यांनी बाहेर थांबा."

धाकल्या आत गेला. जिवली बाहेर थांबली, आणि तिथेच भिंतीला धरून तिने मुकेशच्या नावाने हंबरडा फोडला.