देव्हाऱ्यातला पंखा

नीलकंठ सबनीस योकोहामाच्या एका संशोधन संस्थेत जहाजांच्या पंख्यांवर, म्हणजे प्रॉपेलरवर, काम करत असे. पंखे दुमजली घराएवढे, पण सगळे संगणकाच्या पडद्यावर. इतक्या वर्षांत त्याने तिथे एवढं पाणी घुसळलं होतं की चौदा रत्नं निघायला हवी होती. निघाले ते शोधनिबंध. खऱ्या समुद्रात त्याचा एकही पंखा कधी फिरला नव्हता. नोकरी कराराची, करार संपत आलेला, आणि पुढच्याबद्दल संस्थेत कोणी बोलत नव्हतं. जपानात न बोलणं हेच बहुधा उत्तर असतं.

त्सुनामीनंतरच्या वर्षी टोकियोच्या ओजिमा भागातल्या मराठी मंडळींनी एक मदत मंडळ काढलं. सानरिकू किनाऱ्यावरच्या ओनोदेरा-सान नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याला लहान मोटरबोट द्यायचं ठरलं. लाटेत त्यांची होडी गेली होती, घर गेलं होतं, बायको गेली होती. त्यातली होडी तेवढी मंडळाला परवडण्यासारखी होती.

बोट आणि इंजिन जुनं पण धडधाकट मिळालं. पंखा नवा घ्यायचा होता. नीलकंठ बैठकीला इस्त्रीचा शर्ट घालून गेला.

"पंखा एका फेऱ्यात होडीला जेवढं पुढे ढकलू बघतो, ते त्याचं पिच," त्याने समजावलं. "ओनोदेरा-सान ओल्या वाकामेने, त्या समुद्रातल्या पाल्याने, होडी काठोकाठ भरून आणणार. त्यांना कमी पिच हवं. जास्त पिच म्हणजे भरली गाडी चौथ्या गिअरमध्ये खंबाटकी चढवायची. आणि पंखा ॲल्युमिनियमचा हवा. पाण्याखाली अजून छपरं, ओंडके पडलेत. धडकला तर पातं मोडेल, इंजिन वाचेल. स्टीलचं पातं मोडत नाही, मग आतले गिअर मोडतात."

"म्हणजे मोडणारी वस्तू भेट द्यायची?" अध्यक्ष मोरेश्वरराव म्हणाले. "अहो सबनीस, लग्नात ॲल्युमिनियमची पातेली देतं का कोणी?"

सगळे हसले. मोरेश्वरराव नागोयाच्या एका मोटर कंपनीत बड्या हुद्द्यावर होते आणि तिथे नीलकंठासाठी शब्द टाकणार होते. तेव्हा नीलकंठही हसला. स्टीलचा, मोठ्या पिचचा, आरशासारखा लखलखीत पंखा मंजूर झाला. त्यावर मंडळाचं नाव कोरायचंही ठरलं.

"तू बोलला नाहीस?" घरी स्वरूपाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"बोललो की."

"किती वेळा?"

"एकदा."

"भाजीवाल्याशीसुद्धा माणूस दोनदा बोलतो रे."

तिचं बोलणं लागलं म्हणून असेल, नीलकंठाने साधा ॲल्युमिनियमचा पंखा स्वतः निवडून ओनोदेरा-सानना गुपचूप पाठवला. उन्हाळ्यात तो बघायलाही गेला. त्याचा पंखा बोटीला लागला होता आणि एका पात्यावर चांगला ओरखडा होता. तो ओरखडा बघून नीलकंठाला भरून आलं. मंडळाचा पंखा ओनोदेरा-सानच्या तात्पुरत्या घरात, देव्हाऱ्यात, बायकोच्या तसबिरीशेजारी होता. समोर भाताची वाटी.

"इतकी सुंदर वस्तू पाण्यात कशी घालायची?" ओनोदेरा-सान संकोचून म्हणाले. सगळं कसं जागच्या जागी होतं.

मार्चमध्ये, ऐन वाकामेच्या कापणीत, मंडळ त्सुनामीच्या स्मृतिदिनाला आलं. बस, बॅनर, चिवड्याच्या पिशव्या. मोरेश्वररावांनी देव्हाऱ्यात पंखा पाहिला.

"हा इथे काय करतोय? फोटो बोटीवरचा हवा! सांगा त्यांना, सबनीस." मग खांद्यावर हात ठेवून हलकेच, "नागोयाला तुमचा बायोडेटा पोचवलाय, बरं का."

ओनोदेरा-साननी दुभाष्याकडे, म्हणजे नीलकंठाकडे, पाहिलं. नीलकंठ एवढं म्हणाला असता, की राहू द्या, तर म्हाताऱ्याने आनंदाने राहू दिलं असतं.

"पंखा बोटीला बघून मंडळींना आनंद होईल," नीलकंठ जपानीत म्हणाला.

ओनोदेरा-सान तसबिरीपुढे वाकले आणि त्यांनी पंखा खाली घेतला.

लाइफजॅकेट घातलेले पदाधिकारी बोटीत बसले. धक्क्याच्या भिंतीपलीकडे गेल्यावर खालून ठण्ण आवाज आला. इंजिन नुसतंच किंचाळू लागलं, बोट जागची हलेना. शेजारच्या कोळ्याने दोर टाकून सगळ्यांना ओढून आणलं. इंजिन वर उचललं तर आत गिअरचा भुगा, आणि पंख्यावर चरासुद्धा नाही.

"बघा! याला म्हणतात स्टील!" मोरेश्वरराव म्हणाले.

सुटे भाग हंगाम संपल्यावरच येणार होते. ओनोदेरा-सान कमरेत वाकले. "आपण दिलेली भेट मला नीट वापरता आली नाही. क्षमा करा."

नीलकंठाने त्याचं मराठी केलं. भाषांतर अचूक होतं.

नागोयाच्या कंपनीला प्रत्यक्ष कामाचा अनुभव असलेला माणूस हवा होता, असं कळलं. मे महिन्यात मंडळाला ओनोदेरा-सानकडून परतभेट आली: खोकंभर वाकामे. त्यांचं स्वतःचं सगळं पीक समुद्रातच कुजलं होतं. हे त्यांनी शेजाऱ्याकडून विकत घेतलेलं. नीलकंठाला ठाऊक होतं, कारण त्याने फोन करून विचारलं होतं.

त्याच्या वाट्याचं पाकीट घरी आलं त्या दिवशीच मोरेश्वररावांचा फोन आला. स्पीकरवर त्यांचा आवाज घरभर घुमला. "पीक कसं आलंय बघा, सबनीस! आपल्या पंख्याचा गुण. तुमचं ऐकून ॲल्युमिनियम दिला असता तर?"

"हो ना," नीलकंठ म्हणाला.

त्याने फोन ठेवला. स्वरूपा वाकामे पाण्यात भिजत घालत होती.

"मागच्या वेळी निदान एकदा तरी बोलला होतास," ती म्हणाली.