आत्याची गादी

आत्या निवृत्त झाली त्या दिवशी कारखान्याने तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिने ते घरी आणून माळ्यावर टाकलं आणि म्हणाली, "सव्वीस वर्षं त्यांच्या घड्याळावर चालले. आता नाही."

कारखाना प्रयोगशाळांच्या काचसामानाचा. आत्या तिथे बांधणीखात्यात होती. तयार नळ्या, चंबू कापसात गुंडाळून खोक्यात भरायचे, एवढंच काम. म्हणून सगळे तिला कापूसबाई म्हणत. माझे बाबा, म्हणजे तिचे सख्खे थोरले भाऊ, त्याच कारखान्यात काच तापवून घडवायचे. बर्नरसमोरच्या स्टुलाला तिथे 'गादी' म्हणत. होतं साधं लोखंडी, एक पाय डुगडुगणारं स्टूल, पण त्यावर बसणाऱ्यांचा रुबाब राजाचा. गादीवर बायका बसत नसत. आत्याने तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा फोरमन हसला, आणि तिसऱ्या वेळी बाबाही हसले. ते हसणं ती विसरली नव्हती. मीही विसरणार नाही याची तिने लहानपणापासून पुरती काळजी घेतली होती.

घड्याळ माळ्यावर गेलं त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं की ती काचेचे मणी करणार. घरीच, मागच्या खोलीत, स्वतःच्या ज्योतीवर.

"वेड लागलंय तुला," बाबा म्हणाले. "घर पेटवशील."

"तुम्ही लोकांनी कारखाना पेटवलात का? मग मी बरी घर पेटवीन!"

बाबांनी मग दुसरा डाव टाकला. करायचंच तर ऑक्सिजनवाला मोठा बर्नर घे, दोन सिलिंडरचा, नाहीतर तो पोरखेळ, असं म्हणू लागले. यातली मेख मला लगेच कळली. मोठे सिलिंडर, रबरी नळ्या, घरमालकाची कटकट, या सगळ्याला कंटाळून आत्या नाद सोडेल, असा त्यांचा बेत. आत्यालाही कळली.

"दादा, तुझी काच कडक, तिला तुझी ज्योत लागायची. माझी मऊ आहे, कमी आचेवर वितळते. मला मणी करायचाय, चंबू नाही," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवल्या.

हत्यारांच्या दुकानात मी तिच्यासोबत होते. तिने टॉर्च मागितला तर दुकानदाराने बॅटरीवरचा दिवा पुढे केला. "हा अंधारात लागतो," आत्या म्हणाली, "मला आगीचा हवाय. काचेचे मणी करायला." मग त्याने हातात धरायचा छोटा टॉर्च काढला. "प्लंबर लोक हाच नेतात, मावशी. एकदम हलका. बायकांच्या हाताला बरा."

झालं! मी दोन पावलं मागे सरकले. आत्याने त्याच्याच गल्ल्यावरच्या दोन पेन्सिली उचलल्या, दोन्ही हातांत एकेक धरली आणि फिरवायला लागली. "या हातात काचेची कांडी. या हातात पोलादी सळई. वितळलेली काच सळईवर गुंडाळायची आणि सळई फिरवत राहायची, थांबली की मणी ओघळला. आता हा तुमचा हलका टॉर्च मी कशात धरू? दातांत?"

दुकानात हशा पिकला. दुकानदार मुकाट्याने आत गेला आणि टेबलाला पक्का बसणारा टॉर्च घेऊन आला. एकाच गॅसच्या डब्यावर चालणारा, बाहेरची हवा स्वतःच ओढून घेणारा. आत्याने त्याचा कान पिळावा तशी चावी फिरवून पाहिली, टेबलाला बसवायची पट्टी काउंटरवर आवळून हलवून पाहिली.

"यावर काम सावकाश होतं बरं का," दुकानदार जरा जपूनच बोलला.

"मला कुठे गाडी पकडायचीय?"

रविवारी दुपारी मागच्या खोलीत सगळी मांडामांड झाली. टेबलावर पत्रा, खिडक्या सताड उघड्या, टॉर्चचं तोंड माणसांपासून लांब, आत्याच्या डोळ्यांवर चष्मा. पहिला मणी बसला फतकल मारून, आणि मणी सुटावा म्हणून सळईला लावलेला मातीचा लेप ओला राहिल्यामुळे तो निघता निघेना. दारात उभ्या बाबांना राहवलं नाही. "सरक, दाखवतो," म्हणत ते थेट तिच्या स्टुलावर बसले.

त्यांनी काच धरली ती ज्योतीच्या अगदी मुळाशी. तीस वर्षांची सवय. पण पांढरीस्वच्छ काच बघता बघता काळवंडली. त्यांनी गॅस वाढवला, ती आणखी काजळली. बाबांचे कान लाल झाले.

"तुझा टॉर्चच भिकार आहे."

"टॉर्चला काही झालेलं नाही. ही एका गॅसची ज्योत आहे. मुळाशी धरलं की काजळी धरते. काच पुढे, टोकाकडे धरायची आणि वाट बघायची. तुला वाट बघायची सवय नाही, दादा. मला सव्वीस वर्षांची आहे."

बाबांनी काजळलेली कांडी पत्र्यावर ठेवली. आत्या त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"आता ऊठ. ही गादी माझी आहे."

ते उठले. ते उठतील असं मला वाटलं नव्हतं, खरं सांगते. आत्या बसली, लेप वाळलेली दुसरी सळई घेतली, निळी काच लांब धरली. किती वेळ गेला कोण जाणे. मग काचेचा निळा थेंब सळईवर उतरला, फिरला, फिरत राहिला आणि गोल झाला. एका बाजूला जरासा चपटा, पण मणी. तिने तो हळूहळू निवायला, तडकू नये म्हणून, खनिजाच्या गरम दाण्यांनी भरलेल्या डब्यात सळईसकट खुपसला. मला रडू येत होतं आणि मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी मणी सळईवरून अलगद निघाला. आत्याने तो उजेडात धरला, मग टेबलाखालून एक खोकं ओढलं आणि बाबांसमोर कापसाची गुंडाळी ठेवली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले नाही. त्या खोलीत कोणीच हसलं नाही.

त्यांनी कापूस तोडला.

"नीट गुंडाळ, दादा," आत्या म्हणाली, "गादीवरचा माल आहे."