पाचच्या आत मुंबई

लिनक्स परभणीत यायच्या आधीची गोष्ट. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची शेवटची वर्षं. एका सरकारी कचेरीत मी कॉम्प्युटर ऑपरेटर होतो आणि मोठ्या मशीन चालवणारी युनिक्स प्रणाली येते म्हणून लय ताठ्यात असायचो.

त्या दिवशी सकाळपासून माझ्या मशीनवरून मुंबईची लाइन लागेना. दाराशी राणीसावरगावची एक बाई बसलेली. तिचा नवरा आमच्याकडं शिपाई होता, वर्षापूर्वी वारला. त्याच्या जागी तिला घ्यायचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर महिनाभर पडून राहिला आणि आता तो त्याच दिवशी पाचच्या आत मुंबईत पोचायला हवा होता. दुसऱ्या दिवसापासून ती नोकरीच्या वयोमर्यादेत बसणार नव्हती. टपालाला वेळ उरला नव्हता. होती ती माझी मशीन.

मशीन फोनच्या तारेला जोडणारा मोडेम बंद-चालू केला, केबल बदलली, उंदरांनी काही कुरतडलंय का म्हणून टेबलाखाली शिरलो. टेलिफोनवाल्यांना झापलं. ते म्हणाले, आमची लाइन ठणठणीत हाय. मी त्यांची अक्कल काढली. जेवलोसुद्धा नाही. बाई मधूनच डोकवायची, "व्हईल का, साहेब?" मी वैतागून म्हणायचो, "करायलोय ना, बाई."

पाच वाजून गेले. पावणेसहाला माझी नजर शेजारच्या नव्या मशीनवर गेली. ती आदल्या दिवशी मीच सुरू केली होती. कशी? कचेरीत करतात तशी. मागची फाईल काढायची, तारीख बदलायची, बाकी जसंच्या तसं. जुन्या मशीनवरचं सगळं मी नवीवर उतरवलं, नाव तेवढं बदललं. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला स्वतःचा नंबर लागतो, तो तसाच राहिला. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असल्यावर पोस्टमन तरी काय करील? नवी मशीन बंद केली. दोन मिनिटांत लाइन लागली. प्रस्ताव गेला. एका ओळीचं उत्तर आलं: मुदतीनंतर प्राप्त.

मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा नोकरीची भीती जास्त वाटली. बाहेर येऊन म्हणालो, "उशीर झाला, बाई. मशीनच खराब होती."

तिनं भाकरीचं फडकं जवळ ओढलं. मग म्हणाली, "मशीनला काय बोलावं? तुमी दिवसभर उपाशी ऱ्हाऊन माझ्यासाठी खटपट केली. एवढं कोन करतंय." फडकं सोडून तिनं अर्धी भाकर माझ्या हातावर ठेवली.

मी ती तिच्यासमोरच, उभ्यानं खाल्ली. नको म्हणालो असतो तर कारण सांगावं लागलं असतं.