पापण्यांचं माप

आमच्या घराण्याच्या पापण्या जड. वरच्या पापणीची कातडी सैल होऊन डोळ्यावर उतरते, त्यामुळे माणूस सकाळी दहालाही पेंगुळलेला दिसतो. वडील शिक्षक होते. पोरं त्यांना पाठीमागे काय म्हणत ते सगळ्या भिवंडीला ठाऊक होतं, फक्त त्यांना नव्हतं. आम्हा दोघी बहिणींना त्यांचं घर मिळालं आणि पापण्याही मिळाल्या. लग्नं दोघींचीही झाली नाहीत. त्याची कारणं वेगळी आहेत, इथे त्यांचं काम नाही.

ताई प्राथमिक शाळेत शिकवायची, मी सरकारी कचेरीत कारकून. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांनी भाषण मध्येच थांबवलं, "बाईंना झोप आली वाटतं, आवरतो," म्हणाले आणि सगळा मांडव हसला. ताई त्या वेळी टक्क जागी होती, पाहुण्यांच्या चुका मनातल्या मनात लाल शाईने दुरुस्त करत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मुंबईत पापणीची जादा कातडी काढून देतात, तासाभराचं काम, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. दोघींनीही करून घ्यायचं ठरलं. आधी मोठीने जायचं, असं मी म्हणाले. लाडू उचलताना हा मान मी तिला कधी दिलेला नव्हता.

मुंबईच्या डॉक्टरने ताईची कातडी जरा जास्तच काढली. सूज उतरल्यावर ताईचे डोळे मोठे दिसायला लागले, यात शंका नाही. इतके मोठे, की ती सारखी कुणावर तरी संतापली आहे असं वाटावं. जवळच्या शेलार गावाहून एका मुलीची आई शाळेत आली आणि म्हणाली, "बाय, माझे पोरीवर डोले नको वटारू. ती शालेत यायला मागत न्हाय." ताईने जन्मात कुणावर डोळे वटारले नव्हते. वटारायला ते आधी उघडत कुठे होते?

पण खरं संकट दिसण्याचं नव्हतं. डोळे मिटत नव्हते. ताई गाढ झोपली तरी पापणीखाली पांढऱ्याची एक चीर उघडी राहायची. त्यात आमच्या घराला पाठ लावून लूमचा कारखाना. एक शिफ्ट सुटली की दुसरी लागायची, आणि सुताची बारीक तुसं हवेत तरंगत असायची. ती भांड्यांवर बसत, वरणात पडत. आम्ही कधी दखलही घेतली नव्हती, कारण डोळे मिटणाऱ्या माणसाला ती घ्यावी लागत नाही. आता ताई पापण्या चिकटपट्टीने खाली ओढून झोपायची, तरी सकाळी डोळे लालभडक. ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बुबुळ सुकतंय. जखम होऊन डाग पडला की नजर गेलीच म्हणून समजा. पापण्या कापणाऱ्याचं म्हणणं, मसाज करा, कातडी आपोआप सैल होईल. सहा महिने मसाज केला. कातडी होती तिथेच होती.

त्या सहा महिन्यांत ताई या विषयावर मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. मी माझी तारीख गुपचूप रद्द करून टाकली, त्याबद्दलही तिने विचारलं नाही. तिच्यासमोर आरशात बघणं मात्र मी सोडून दिलं.

शेवटी मुंबईतच दुसरे एक डॉक्टर मिळाले, इतरांनी बिघडवलेलं निस्तरण्यात मुरलेले. माणूस फटकळ. ते म्हणाले, कानामागची कातडी काढून पापणीत बसवावी लागेल. कमी पडली तर डोळा मिटणार नाही, जास्त झाली तर नीट उघडणार नाही. "मूळची पापणी कशी होती ते मला बघायचंय. जुने फोटो घेऊन या."

फोटो होते की. स्थळांना पाठवायला एकाच दिवशी एकाच स्टुडिओत काढलेले, दोघींचे. त्यांत आमचे डोळे चांगले टपोरे आहेत. आईने फोटोवाल्याला सांगून ते तसे करून घेतले होते आणि आम्हा दोघींना ते फार आवडले होते. तेव्हापासून फोटो काढला की डोळे ठीकठाक करून घ्यायचे, हा आमच्या घरचा रिवाजच पडला. शाळेच्या ग्रुप फोटोंत ताईचं तोंड हरभऱ्याएवढं. मग मी त्या स्टुडिओत गेले. म्हाताऱ्या फोटोवाल्याने शोधून निगेटिव्ह काढली आणि उजेडाला धरली. "बाई, डोळ्यांवर नुसती पेन्सिल फिरवलेली असती तर पुसून दिली असती. हे ब्लेडनं खरवडलंय. आता ते काय परत येणार नाय." म्हणजे ताईची खरी पापणी कुठल्याच फोटोत उरली नव्हती, आणि हे आम्हीच पैसे देऊन करवून घेतलं होतं.

डॉक्टरांनी फोटो पाहून तोंड वाकडं केलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली. "या कोण?"

"माझी धाकटी बहीण," ताई म्हणाली. "अगदी अश्शाच होत्या माझ्या."

आम्हाला कुणी सारख्या म्हटलं की इतकी वर्षं तिला राग यायचा.

डॉक्टरांनी मला ताईच्या खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. लहानशा पट्टीने भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत मोजलं, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या, आणि कागदावर लिहून घेतलं. मला लाज वाटत होती. या पापण्या शाबूत राहिल्या त्या केवळ मी घाबरट म्हणून. "माझीच कातडी घ्या ना," मी म्हणाले. "दुसऱ्याची धरत नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमचं फक्त माप द्या." मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

ऑपरेशन झालं. आठवड्याने टाके काढायला गेलो. नवी कातडी ठिगळासारखी दिसत होती, रंगाने वेगळी, सुजलेली. "मिटा," डॉक्टर म्हणाले. ताईने डोळे मिटले. मी वाकून पाहिलं, चीर नव्हती.

"उघडा आता."

ताई उघडेना. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा घाबरून.

"उघडतात हो," ताई म्हणाली. "थोडं थांबा."

बाहेर पेशंट खोळंबले होते. ताई तशीच बसून राहिली. मग तिने चाचपत माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तू भित्री आहेस म्हणून बरं गं."

मला रडू फुटलं. ते तिला ऐकू गेलं असणार, कारण डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगूनही तिने डोळे उघडले नाहीत.