उघडी ठेवलेली पानं

माझ्या फोनमधल्या ब्राउझरला सारखं अपडेट लागतं. जरा कुठं हाताला सवय झाली की त्याचं रूप बदलतं. मी चौथीपर्यंत शिकले. मराठी सावकाश वाचता येतं, इंग्रजी जमत नाही. म्हणून फोनमधली प्रत्येक गोष्ट मी जागेवरून लक्षात ठेवते. वर उजवीकडं लहान चौकोन, त्यात आपली उघडी पानं. त्याच्या शेजारी तीन ठिपके. अपडेट आलं की तो चौकोन खाली सरकतो, नाहीतर ठिपके आडवे होतात. एकदा तर सगळं पान काळं आणि अक्षरं पांढरी झाली. फोन बिघडला असं समजून मी तो दिवसभर उशाखाली ठेवला होता.

मी येरमाळ्याकडच्या वाशीजवळ एका गावात ब्लाउज शिवते. बोलणं मला फारसं जमत नाही. गिऱ्हाईक आलं की माप घ्यायचं आणि फोन पुढं करायचा. गळ्यांचे, बाह्यांचे, पाठीचे नमुने मी ब्राउझरवर बोलून शोधते. आवडलेला नमुना कायमचा फोनमध्ये कसा ठेवायचा, ते माहीत नव्हतं आणि कुणाला विचारायची लाज वाटायची. म्हणून ते पान मी बंदच करत नसे. अशी कितीतरी पानं वर्षानुवर्षं उघडी होती. बाया ती एकामागून एक सरकवत आणि बोट ठेवून म्हणत, "हे शिवा."

अपडेट पुढं ढकलायला मी शिकले होते. विचारलं की "नंतर" दाबायचं. वायफाय मिळालं तर ते न विचारताच येतं, हेही कळलं होतं. म्हणून वायफाय असलेल्या घरी जाताना मी फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवायची. येरमाळ्याला माझ्या बहिणीचं घर हायवेवरच्या दुकानामागं आहे, तिथं वायफाय आहे. ती चिडवायची, "तुझा फोन सोन्याचा हाय का गं? आमच्या घरात त्याला ऊनसुदिक लागू देत न्हाईस."

यंदा आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. पैठणीतलाच ब्लाउजचा तुकडा तिच्या आईनं माझ्याकडं आणून दिला. काठ मोजकाच होता, कात्री चुकली तर दुसरा तुकडा मिळणार नव्हता. मुलीनं माझ्या फोनवर पाठीचा नमुना निवडला. पिंपळपानाच्या आकाराचा गळा, त्यावर कापडाच्या आडव्या पट्ट्या आणि मधे गाठ. मी ते पानही उघडं ठेवलं.

अस्तर आणायला येरमाळ्याला गेले आणि बहिणीकडं राहिले. सकाळी येडेश्वरीचं दर्शन घ्यायला निघताना फोन पिशवीसकट बहिणीच्या घरीच राहिला. परत आले तर बहिणीची सून हसतमुखानं फोन घेऊन पुढं आली.

"मावशी, फोन बंद दिसला म्हणून चालू केला. ब्राउझर किती जुना होता तुमचा. अपडेटला जागाच नव्हती. मी त्याला काढलं आन् नवा टाकला. बघा आता कसा पळतोय."

मी चौकोन दाबला. आत काहीच नव्हतं.

"पानं कुठं गेली?"

"कुठली पानं? ती उघडी होती ती? आवो, लई कचरा साठला होता. सगळा साफ झाला."

पोरीनं मायेनं केलं होतं. तिला काय बोलणार? मी म्हणाले, "बरं केलंस," आणि पुढच्या बसनं गावी आले.

लग्न तोंडावर आलं होतं. दार लावून मी फोनशी बोलले. आधी ज्या शब्दांनी तो नमुना सापडला होता तेच बोलून शोधलं, तर भलतेच गळे आले. तीन ठिपक्यांतलं प्रत्येक वाक्य बोट ठेवून वाचलं. "इतिहास" असा शब्द सापडला आणि जीव भांड्यात पडला. उघडलं तर त्यात नवा ब्राउझर टाकला त्या दिवसापासूनचंच होतं. मागचं सगळं पुसलं गेलं होतं. गळ्याचा आकार मला आठवत होता. पट्ट्या किती खाली होत्या, गाठ कुठं होती, ते काही केल्या आठवेना. अंदाजानं पैठणी कापायची नाही, हे मात्र मनाशी पक्कं केलं.

जुन्या परकराच्या कापडाची नुसती पाठ कापली. पट्ट्या कच्च्या टाक्यांनी जोडल्या. ती घेऊन मी लग्नघरी गेले. गिऱ्हाइकाच्या घरी मी कधीच जात नसे, तेच माझ्याकडं येत.

अंगणात बाया पापड वाळवत होत्या. मुलीची आई म्हणाली, "वैनी, आज वाट चुकल्या का काय?" तिची नणंद म्हणाली, "या बोलत्यात व्हय? मला वाटलं, मशीनच बोलतीय त्यांच्या घरात."

सगळ्या हसल्या. मी मुलीला म्हणाले, "तू निवडलेलं चित्र फोनमधून गेलं. पाठ कशी होती ती तू सांग. मग मी कापते."

हे बोलताना माझे कान तापले होते. मुलगी म्हणाली,

"काकू, मला तरी कुठं आठवतंय? छान दिसत होतं, एवढंच."

तिच्या आईनं कपाळाला हात लावला. "झालं. एकीच्या फोनात न्हाय आन् एकीच्या डोस्क्यात न्हाय."

मी मुलीला पाठमोरी उभी केली. परकराची पाठ तिच्या कुडत्यावर लावली आणि टाचण्या ओठांत धरल्या. तेव्हा तिची वेणी दिसली, कमरेपर्यंतची. चित्रातल्या बाईचे केस वर बांधलेले होते, ते आठवलं.

"लग्नात वेणी घालणार का अंबाडा?"

"वेणीच. गजऱ्यांनी भरायची हाय."

"मग मधली गाठ दिसणारच न्हाय. वर गजरा अडकंल तिच्यात."

"आगं व्हय की," नणंद म्हणाली आणि पापड सोडून उठली.

मी खडूनं खूण केली. गाठ मधून काढून डाव्या बाजूला, खांद्याखाली घेतली. मुलगी म्हणाली, थोडी वर. आई म्हणाली, थोडी खाली. नणंद आरसा धरून उभी होती. "सरळ उभी ऱ्हा," मी म्हणाले, आणि तिघीही सरळ उभ्या राहिल्या.

टाचण्या काढता काढता मी मुलीला विचारलं, "चित्र फोनात कायमचं कसं ठिवायचं गं?"

"चित्रावर बोट दाबून धरायचं, काकू, आन् 'डाउनलोड' आलं की ते दाबायचं. एवढंच."

सगळ्यांसमोर मी तिच्याकडून ते करून घेतलं आणि मग माझ्या हातानं परत केलं.

घरी येऊन पैठणीचा तुकडा जमिनीवर पसरला. परकराची पाठ त्यावर ठेवली, खडूच्या खुणा उतरवल्या आणि कात्री चालवली.