शकिला मॅडमची साफसफाई

शकिला मॅडम कॉम्प्युटरमधून एखादा प्रोग्राम काढायला बसल्या की घाई अजिबात करत नसत. दौंडला पिठाच्या गिरणीच्या वर त्यांचा क्लास होता आणि मी तिथे त्यांच्या हाताखाली शिकवायचे. कुणी सरळ फोल्डरच डिलीट केला तरी त्या रागवत नसत. म्हणत, "भाडेकरू दाराबाहेर, सामान आत आन् किल्ली त्याच्याच खिशात. असं घर मोकळं होतं व्हय?" मग कंट्रोल पॅनेलमधून रीतसर काढायला लावत, मशीन पुन्हा सुरू करवत आणि मागे काय उरलंय ते स्वतः तपासत.

एकदा रेल्वेतून निवृत्त झालेल्या आप्पांनी त्यांना घरी बोलावलं. मीही गेले. मुलाने दिलेला कॉम्प्युटर भरला होता, नातीचे फोटो त्यात मावत नव्हते. मराठी टायपिंगचा प्रोग्राम घरात कुणीच वापरत नाही, तो काढा, असं आप्पांचं म्हणणं. मॅडमनी काढला. शेवटी पडद्यावर सूचना आली, की काही फाइली तशाच राहिल्या आहेत. त्याही पुसून टाका, आप्पा म्हणाले.

"आधी उघडून बघू, आप्पा. प्रोग्राम कंपनीचा असतो. मागं राहतं ते माणसाचं असतं."

फॉन्ट अजून शाबूत होता, म्हणून अक्षरं नीट दिसली. वडगाव रासाईची शाळा, भीमेत पोहायला शिकवणारी थोरली बहीण, लग्न ठरल्यावर सातवीतच सुटलेलं शिक्षण. आप्पा चष्मा लावून वाचत राहिले. स्वयंपाकघरातून आप्पांच्या पत्नी, काकू, पदराला हात पुसत आल्या.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या हळूच म्हणाल्या. "माझं हाय."

दुपारी आप्पा झोपले की त्या लिहीत असत. मग आप्पांनी मॅडमना विचारलं, काढलेलं परत घालता येईल का. मॅडमनी मुलाचे जुने गेम काढून फोटोंना जागा केली, क्लासमधून सीडी आणून टायपिंगचा प्रोग्राम पुन्हा घातला आणि जाता जाता काकूंना क्लासला यायला सांगितलं.

काकू येऊ लागल्या. दुपारचा चहा आप्पा स्वतः करायला शिकले. मॅडम मात्र काकूंची एकही वेलांटी चुकू देत नसत. चुकलेली ओळ पुन्हा टाइप करावी लागे.

लग्न होऊन मॅडम सोलापूरला निघाल्या, तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. काकूंनी मॅडमबद्दल लिहून आणलेलं पान त्यांच्या हातात दिलं. मॅडमनी ते उभ्या उभ्याच वाचलं. एका ठिकाणी थांबून सवयीने पर्समधून पेन काढलं. काकूंकडे पाहिलं, पेन परत ठेवलं आणि पान होतं तसंच घडी करून घेतलं.